कोणत्या कोर्टाची पायरी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली तो सरकारी नोकर नसावा. निदान निलंबित नोकर तर खासच नसावा. कारण ज्याला एके दिवशी चार ओळींचा कागद देऊन घरी बसवले, ज्याचा पगार अर्ध्यावर आला आणि ज्याला गावात लोक 'काय भानगड झाली हो?' म्हणून विचारू लागले, त्याला पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसते. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो एवढाच की, पायरी चढायची ती कोणत्या कोर्टाची?

मित्रहो, हा प्रश्न वरवर वकिलाचा वाटतो. आम्ही वकील नाही. आमची शाळा लवकर सुटली. कायद्याची जी काही अक्षरओळख झाली ती युनियनच्या कचेरीत, लोकांनी आणलेले मळके कागद वाचता वाचता. परंतु हे कागद पुष्कळ वर्षे वाचल्यावर आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. आज सातारा-सांगलीतल्या नोकरापुढे जे निरनिराळे दरवाजे दिसतात ते कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. एकेक दरवाजा निरनिराळ्या काळी उघडला, काही मागणी करून, काही भांडून. आणि काही सरकारने आपल्या सोयीसाठी उघडले. त्या इतिहासाचा मागोवा घ्यावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम आजची स्थिती पाहू. कृष्णाकाठचे कोणतेही मोठे गाव घ्या. तेथे तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, पोस्टमन आहे, एस.टी.चा कंडक्टर राहतो आणि खाजगी संस्थेच्या हायस्कुलातले मास्तर राहतात. तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला सरकारने अलीकडे नवी नावे दिली आहेत, पण गाव अजून जुन्याच नावांनी हाक मारते. समजा, हे पाचही जण एकाच सोमवारी निलंबित झाले. तलाठी राज्य शासनाचा नोकर. त्याने खात्यात वरिष्ठांकडे अपील करावे आणि नंतर मुंबईच्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे. ग्रामसेवक त्याच्या शेजारच्या खोलीत बसतो, पण तो जिल्हा परिषदेचा. त्याचे अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, आणि त्यापुढे थेट उच्च न्यायालय. पोस्टमन केंद्राचा, त्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. कंडक्टर महामंडळाचा कामगार. त्याला कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायालय. मास्तरांसाठी शाळा न्यायाधिकरण आहे खरे, पण ज्या कलमाने ते अपील ऐकते त्या कलमात बडतर्फी आहे, पदावनती आहे, निलंबन नाही. तेव्हा नुसत्या निलंबनासाठी मास्तरांना बहुधा उच्च न्यायालयच गाठावे लागते.

मुदतीही अशाच पाच तऱ्हांच्या. शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवस. शासकीय नोकराच्या खात्यातील अपिलाला पंचेचाळीस दिवस. कामगाराच्या अनुचित प्रथेच्या तक्रारीला नव्वद दिवस. प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे साधारणतः एक वर्ष. एकाच आळीत राहणारी, एकाच दुकानातून किराणा उधार आणणारी ही पाच माणसे. त्यांचे दुःख एकच. दरवाजे मात्र पाच. हे असे का झाले?

ह्याचे उत्तर शोधताना सुरुवात पाटलापासून करावी लागते. मराठेशाहीत गावचा पाटील, कुलकर्णी, महार हे वतनदार. वतन ही नोकरी होती तशी मालमत्ताही होती, आणि तिचा तंटा गोतसभेपुढे चाले, महजर होत. त्या न्यायात उणिवा पुष्कळ होत्या. जात पाहून न्याय मिळे हे आम्ही विसरत नाही. पण तंट्याला चारचौघांसमोर उभे राहण्याची जागा होती. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, आणि वतनदार हा हळूहळू कलेक्टरच्या हाताखालचा चाकर बनला. १८७४ मध्ये मुंबई इलाख्याचा वतन कायदा आला. वतनदारांवरचा अधिकार त्याने महसूल खात्याच्या हाती दिला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, मुंबईचा महसूल अधिकारिता कायदा झाला. त्याचे चौथे कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला ते दोनदा वाचावे लागले. त्याचा अर्थ असा की, वतनदाराच्या किंवा कोणत्याही गावकामगाराच्या कामाचा हक्क, आणि त्या कामावरून दूर केल्यामुळे झालेले नुकसान, ह्यांबद्दलचा सरकारविरुद्धचा दावा दिवाणी कोर्टाने ऐकूच नये. म्हणजे पाटलाला कामावरून काढले, महाराला कामावरून काढले, तर मुनसफाच्या कोर्टाची पायरी त्याला बंद. ज्या साहेबाने काढले त्याच्या वरच्या साहेबाकडे अर्ज करायचा, आणि तो फेटाळला की त्याच्याही वरच्याकडे.

हा कायदा आला त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. रानडे स्वतः सरकारी नोकर होते. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या काळात सरकारचा संशय त्यांच्यावर होता, आणि १८७९ मध्ये त्यांना नाशकाहून धुळ्याला हलवले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही स्वतःची तक्रार नेण्यास कोर्ट नव्हते. मग पाटलाची आणि महाराची काय कथा! त्याच दशकात, १८७४ मध्ये, सुरेंद्रनाथ बॅनर्जींना सनदी नोकरीतून काढले. ते दाद मागण्यास लंडनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

ह्या साऱ्याच्या मुळाशी एक इंग्रजी तत्त्व होते: सरकारी नोकर हा राजाच्या मर्जीपर्यंतच नोकर. १९३५ च्या कायद्याने बडतर्फीपूर्वी नोकराला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी असे म्हटले. तत्पूर्वी नियमांची जाडजूड पुस्तकेही झाली होती. पण ते नियम कोर्टात बजावून घेता येतात काय? मद्रासच्या सरकारी छापखान्यातील एका कामगाराने हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. १९३७ मध्ये उत्तर आले: नाही. नियम सरकारने पाळावेत हे चांगले, परंतु ते मोडले तर दाद सरकारकडेच मागावी. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

सांगलीची गोष्ट त्या वेळी वेगळी होती. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत वाटलेला होता, तशीच औंध आणि फलटण साताऱ्याकडे. संस्थानातल्या कारकुनाला खालसातल्या कारकुनाएवढाही आधार नव्हता. त्याचे गाऱ्हाणे अखेर दरबारापाशी जाऊन थांबे. ८ मार्च १९४८ रोजी ही दक्षिणी संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. रात्री संस्थानचा नोकर म्हणून झोपलेला माणूस सकाळी मुंबई सरकारचा नोकर म्हणून उठला.

आणि गावकामगारांतल्या सर्वांत खालच्याचे काय? त्याच १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणले. लहानपणी साताऱ्यात वाढलेल्या ह्या पुरुषाने ओळखले होते की, महार हा सरकारचा असा नोकर आहे की ज्याला कामाचे तास ठरलेले नाहीत आणि पगारही ठरलेला नाही. मग त्याला हक्काची भाषा तरी कोठून येणार? ते बिल तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली होती, आणि मुलकी पाटील १९६२ च्या कायद्याने गेला.

२६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आले आणि पहिल्यांदा दरवाजे खऱ्या अर्थाने उघडले. अनुच्छेद ३११ ने बडतर्फीला आणि पदावनतीला चौकशीचे बंधन घातले. अनुच्छेद २२६ ने उच्च न्यायालयाला सरकारविरुद्ध रिट काढण्याचा अधिकार दिला. शिवाय जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात, सरकारला कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस देऊन, 'माझी बडतर्फी बेकायदा आहे असे जाहीर करा' असा दावा लावता येऊ लागला. साताऱ्याच्या कारकुनाला साताऱ्यातच वकील मिळे आणि तारखेला जायला एस.टी.चे भाडेही पडत नसे. हे घरचे कोर्ट होते, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

परंतु निलंबिताचे नशीब येथेही आडवे आले. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच सांगितले की, चौकशी चालू असताना केलेले निलंबन ही शिक्षा नव्हे; तेव्हा अनुच्छेद ३११ चे संरक्षण त्याला नाही. १९६८ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात त्या न्यायालयाने आणखी खुलासा केला की, नोकराला कामापासून दूर ठेवण्याचा अधिकार मालक ह्या नात्याने सरकारला आहेच. त्या काळात पैसे किती द्यायचे हे मात्र नियमांवर अवलंबून. तर्क निर्दोष आहे. पण अर्ध्या पगारावर तीन तीन वर्षे बसलेल्या माणसाच्या बायकोला जाऊन सांगा की, बाई, ही शिक्षा नव्हे!

आता दरवाजे पाच कसे झाले ते पाहू. ह्यात सर्वांत मोठी फाळणी १ मे १९६२ ला झाली. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. देवराष्ट्र्याला जन्मलेले आणि कऱ्हाडला वाढलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. सत्ता खेड्यापर्यंत नेणारे ते मोठे पाऊल होते, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्याबरोबर प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक आणि कितीतरी कारकून जिल्हा परिषदेच्या सेवेत गेले. १९६४ मध्ये त्यांच्यासाठी शिस्त व अपिलाचे वेगळे नियम झाले. पगार शासनाच्या तिजोरीतून येत राहिला, पण न्यायाची वाट वेगळी झाली. पुढे राज्याचे न्यायाधिकरण आले तेव्हा ते राज्य शासनाच्या नोकरांसाठी आले. जिल्हा परिषदेचे लोक बाहेरच राहिले.

दुसरा प्रवाह कामगार कायद्याचा. तो गिरण्यांतून आला. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४७ चा केंद्राचा औद्योगिक विवाद कायदा, आणि १९७१ चा आपल्या राज्याचा कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा, जो १९७५ मध्ये अमलात आला. ह्या शेवटच्या कायद्याने महाराष्ट्रातल्या कामगाराला असे काही दिले की जे पुष्कळ राज्यांत नाही: सरकारच्या परवानगीची वाट न पाहता थेट न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क. एस.टी.चा कंडक्टर, नगरपालिकेचा सफाई कामगार ह्या वाटेने जातात. बडतर्फी कामगार न्यायालयाकडे आणि बाकीच्या बहुतेक अनुचित प्रथा औद्योगिक न्यायालयाकडे, अशी तेथेही वाटणी आहेच.

तिसरा प्रवाह प्रशासकीय न्यायाधिकरणांचा. आणीबाणीत, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२३-अ घातला: सरकारी नोकरांचे तंटे कोर्टांतून काढून वेगळ्या न्यायाधिकरणांकडे देता येतील. त्यानंतर लवकरच, १९७७-७८ मध्ये, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप केला. १९७९ मध्ये शिस्त व अपिलाचे आजचे नियम झाले. निलंबनाविरुद्ध अपील करता येते हे त्या नियमांत लिहिलेले आहे. न्यायाधिकरणांचा कायदा १९८५ मध्ये झाला. केंद्राचे न्यायाधिकरण त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सुरू झाले, आणि महाराष्ट्राचे ८ जुलै १९९१ रोजी: मुख्य पीठ मुंबईत, शिवाय नागपूर आणि औरंगाबाद. पश्चिम महाराष्ट्र मुंबईच्या वाट्याला आला.

ह्यात एक गंमत झाली. अर्थात सोसणाऱ्याला ती गंमत वाटली नाही. न्याय जलद आणि स्वस्त मिळावा म्हणून न्यायाधिकरण आले, तेथे नोकराला स्वतः उभे राहून बोलता येते, दिवाणी कोर्टाच्या कार्यपद्धतीचा जाच तेथे नाही. हे सारे खरे. पण साताऱ्याच्या माणसाचे घरचे दिवाणी कोर्ट त्याच दिवशी बंद झाले, आणि तो अडीचशे किलोमीटर दूर मुंबईला जाऊ लागला. सांगलीचा त्याहूनही लांबून. शिवाय १९९७ पर्यंत न्यायाधिकरणावर उच्च न्यायालयात जाता येत नसे; पुढची पायरी एकदम दिल्लीची. १८ मार्च १९९७ रोजी चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चूक सुधारली: न्यायाधिकरण ही पहिली पायरी राहील, पण उच्च न्यायालयाचा अधिकार कोणालाही काढून घेता येणार नाही.

एक मात्र नमूद केले पाहिजे. पोलीस पाटलाला निलंबित केले तर तो आज ह्याच न्यायाधिकरणापुढे उभा राहतो. १८७६ मध्ये ज्या गावकामगाराला कोर्टाची पायरी कायद्याने बंद केली होती, त्याच्या वारसाला ११५ वर्षांनी स्वतंत्र न्यायासन मिळाले. ह्या इतिहासातली ही कमाई लहान नाही.

पायऱ्यांची गोष्ट इतकी सांगितली; आता भाकरीची. निलंबित माणूस हरतो तो बहुधा पुराव्यावर नव्हे, उपासमारीवर. शासकीय नियमांप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांत अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. पुढे तो वाढू शकतो. पूर्वीच्या मुंबईच्या नियमांत तर असे होते की, फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्या नोकराचे अपील चालू असेपर्यंत त्याला महिना एक रुपया द्यावा. एक रुपया! १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात तो नियम घटनाबाह्य ठरवला. त्याआधी १९७३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका नोकराची चौकशीच त्याच न्यायालयाने रद्द केली. चौकशी त्याच्या घरापासून सुमारे ५०० किलोमीटरवर ठेवली होती आणि भत्ता न मिळाल्यामुळे त्याला तेथे जाताच आले नव्हते. कारखान्यांतल्या कामगारासाठी १९८२ मध्ये कायद्यातच लिहिले गेले: पहिले नव्वद दिवस निम्मा, पुढे पाऊण पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे प्रमाण कायम ठेवले आहे.

निलंबन किती दिवस, ह्याचे उत्तर फार उशिरा आले. खाजगी शाळांच्या नियमांत १९८१ पासून परवानगीवाचून चार महिन्यांची मर्यादा होती. शासकीय नोकरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालवू नये, आणि दिले असेल तर वाढीला कारणे लिहावीत. महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या निर्णयाने ते स्वीकारले. म्हणून आमच्या कचेरीत कोणी निलंबनाचा कागद घेऊन आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो: नेमणुकीच्या आदेशावर सही कोणाची आहे? भत्ता सुरू झाला का? दोषारोपपत्र कोणत्या तारखेला मिळाले? 'मी निर्दोष आहे' हे तो सांगतच असतो. ते आम्ही नंतर ऐकतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून दरवाजा सापडतो, दुसऱ्यातून घर चालते आणि तिसऱ्यातून मुदत कळते. चुकीच्या कोर्टात वर्ष घालवून, तेथे 'आम्हांला अधिकार नाही' हे उत्तर घेऊन परत आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची बाजू खरी होती की खोटी, हे तोवर कोणी तपासलेलेही नव्हते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी काही दशके चळवळ केली. सांगलीचा ग्रामसेवक आणि साताऱ्याचे मास्तर आता रिटसाठी कोल्हापूरला जातील आणि रात्री घरी जेवायला येतील. तलाठ्याची पहिली पायरी मात्र मुंबईच्या न्यायाधिकरणातच राहिली आहे. जे ग्रामसेवकाला मिळाले ते त्याच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाला का मिळू नये?

तेव्हा आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली: न्यायाधिकरणाने वर्षातून काही दिवस तरी ह्या सहा जिल्ह्यांत येऊन बसावे. दुसरी ह्याहून साधी आणि बिनखर्चाची आहे. निलंबनाच्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी, मग तो तहसील कचेरीचा असो, जिल्हा परिषदेचा असो, महामंडळाचा असो की शिक्षण संस्थेचा असो, दोन ओळी छापाव्यात: ह्या आदेशाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी, आणि किती दिवसांत. आदेश काढणाऱ्या साहेबाला ते ठाऊक असतेच. घेणाऱ्याला ते त्याच दिवशी, त्याच कागदावर कळावे, ह्यासाठी कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. येथे बसलेल्यांपैकी जे कचेऱ्यांत अधिकारपदावर असतील त्यांना हे उद्या सकाळीही करता येईल.